कुमासीला पाठवलेली नावं

रविवार, ६ एप्रिल २०२५

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. बोलायला गेले तर ओरडणंच बाहेर पडेल, आणि या घरात मोठ्यानं काही करायची पद्धत नाही.

सौमित्रला जाऊन उद्या आठ आठवडे होतील. घानातल्या कुमासी शहरात, पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात, दुपारच्या जेवणानंतर खुर्चीतच गेला. अकरा वर्षं तिथं होता. वर्षातून एकदा, गणपतीत, तीन आठवड्यांसाठी यायचा. या वेळी पेटीतून आला. डोंबिवलीच्या स्मशानात नेला, दहावं-तेरावं झालं. मी एकदाही आवाज काढला नाही. सौमित्रच्या आत्यानं जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, किती सांभाळून घेतलंस गं. जणू मी परीक्षेत पहिली आले.

काल रवींद्र भावजी सौमित्रची बॅग घेऊन आले. ते त्याच कारखान्यात पंधरा वर्षं होते, मार्चअखेर कायमचे परत आलेत. सासूबाईंनी त्यांना विचारलं, तिकडं सगळे बरे आहेत ना? त्यांनी चहात बघत सांगितलं, बरे आहेत काकू. सासूबाईंनी पुन्हा विचारलं, सगळे? वय झालंय, एकच प्रश्न दोनदा विचारतात.

बॅगेत शर्ट होते, दाढीचं सामान आणि फोन. फोन चार्जिंगला लावला. त्याचं कुलूप म्हणजे सासूबाईंचं जन्मसाल, ते मला ठाऊक होतं. फोन चालू झाला आणि मधमाश्यांसारखा वाजत राहिला. ‘अ. वर्कशॉप’ या नावाखाली दोनशे अकरा न वाचलेले निरोप. सगळे तो गेल्यानंतरचे. वर्कशॉप मेलेल्या माणसाला दोनशे निरोप कशाला पाठवेल?

त्यात एक व्हिडिओ होता. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, काळे-तांबडे कपडे घातलेल्या पन्नासेक बायका. मागे सौमित्रचा भला मोठा फोटो. तो फोटो आमच्याच गच्चीवरचा, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाचा. मला कापून टाकलंय, पण माझा खांदा राहिलाय, हिरव्या साडीतला. खाली इंग्रजीत लिहिलंय: पती. पिता.

मधोमध एक बाई दोन्ही हात डोक्यावर ठेवून फेऱ्या घालत गात होती.

मी त्याच्याच फोनवरून इंग्रजीत लिहिलं, हा माणूस मेला आहे. मी त्याची बायको.

दहा मिनिटांनी उत्तर आलं: ठाऊक आहे, ताई. मीही.


मंगळवार, ८ एप्रिल

रजा टाकली. घोडबंदर रोडला रवींद्र भावजींकडे गेले. डोंबिवलीतल्या मानपाड्याहून तिथं पोचायला दोन तास लागले. वाहतूक तुंबली होती आणि मला तो उशीर हवाच होता. त्यांना काय काय बोलायचं ते मी मनात रचत होते. बाविसाव्या मजल्यावर पोचले तेव्हा शुभदानं दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि नवऱ्याला आतूनच म्हणाली, "अहो, या. तुमचा निकाल लागलाय."

त्यांनी काही लपवलं नाही. बाईचं नाव अकोसुआ. कापडाचं दुकान आहे. आठ वर्षांपूर्वी तिथल्या रीतीनं तिच्या मामांसमोर लग्न झालं. सात वर्षांची मुलगी आहे, तिला सगळे नाना म्हणतात. मी म्हटलं, सात वर्षांची पोर आणि नाव नाना, छान. भावजींना कळेना हसावं की काय. म्हणाले, ते नाव नाही वहिनी, मान आहे. आजीचं नाव ठेवलेल्या पोरीला तिकडं नावानं हाक मारत नाहीत, नाना म्हणतात. कुणाच्या आजीचं नाव, ते मला ऐकायचं नव्हतं. मला मूल नाही. ते वाक्य एवढ्यावरच संपतं.

तुम्ही मला आठ वर्षं का सांगितलं नाहीत, असं विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, मी काय सांगणार होतो? दर गणपतीत तुमच्या हातचे मोदक खाल्लेत मी." शुभदा म्हणाली, "म्हणूनच सांगायचं होतं."

मग मी व्हिडिओ लावला. नको नको म्हणता म्हणता तेही बघायला लागले आणि नकळत अर्थ सांगायला लागले. ही अकान लोकं. मर्तिकाला बायका गातात, ते नुसतं रडणं नसतं. प्रत्येक मेलेल्या माणसाचं गाणं वेगळं. तो कुणाचा, त्याच्या आईच्या आईचं नाव काय, तिचं गाव कुठलं, ते लोक कुठल्या नदीचं पाणी पितात, हे सगळं त्यात यावं लागतं. ती नावं घेतली की पलीकडची माणसं ओळखतात, हा आपला, आणि त्याला घ्यायला येतात.

"मी नवीन गेलेलो तेव्हा मला वाटलेलं, काय तमाशा चाललाय. मग कळलं, ह्या बायका अख्खं खानदान पाठ करून येतात. कुणाचं नाव चुकलं की म्हाताऱ्या तिथंच तोंड वाकडं करतात."

या गाण्यात मात्र नावंच नव्हती. ती बाई नुसतं सौमित्र, सौमित्र करत होती. एक म्हातारी तोंड फिरवून बसली होती, ते मी स्वतः पाहिलं. मला बरं वाटलं. परतीच्या रिक्षात तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावून बघितला.


सोमवार, १४ एप्रिल

आज सुट्टी. घरात सासूबाई आणि मी. त्या पिवळ्या दोऱ्याचा क्रोशाचा फ्रॉक विणतायत. भजनी मंडळातल्या कुणाच्या तरी नातीसाठी म्हणे. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

सांगायचं आहे. पण योग्य वेळी. बावीस वर्षं या बाईनं माझ्यासमोर मुलाचे गोडवे गायले. दर रविवारी दुपारी दार लोटून त्याच्याशी फोनवर बोलायच्या. चाळिशी उलटलेल्या मुलाशी असं बोलायच्या की बाहेर वाटावं, बालवाडी भरली आहे. "कावळा कसा करतो?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या लाडक्याचं खरं रूप त्यांना माझ्या तोंडून कळेल. मी शब्द निवडून ठेवतेय.


शुक्रवार, १८ एप्रिल

अकोसुआचा बोललेला निरोप आला, सहा मिनिटांचा. इंग्रजी सावकाश बोलते, प्रत्येक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा. आवाज जाड आहे. मला तो गोड निघेल असं वाटलं होतं.

तिचं म्हणणं असं. देह तुमच्याकडे गेला, तुमचा हक्क होता, मी अडवलं नाही. पण इथं त्याचं मोठं मर्तिक अजून व्हायचंय. २४ मेला, शनिवारी. पहिल्या वेळी मी नावांशिवाय गायले आणि गाव हसलं. लोक म्हणतात, तो वाहून आलेला ओंडका होता, त्याला ना आई ना गाव. माझ्या मुलीला शाळेत विचारतात, तुझ्या बापाची माणसं कुठली? त्या शनिवारी मला चारचौघांत सांगायचंय की त्याला माणसं होती. त्याच्या आईच्या घराण्याचा मला काही पत्ता नाही. मेली असतील त्यांची नावं हवीत. आईच्या आईची, तिच्या मागच्यांची, गावाचं नाव आणि पाण्याचं. ताई, तुम्ही रागावला आहात, रागवा. पण नावं द्या.

मी दोनदा ऐकलं. मग फोन पालथा घातला.

मी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते. एकोणीस वर्षं. चुकीच्या नावानं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. दाखल्यावर बापाचं नाव चुकलं की पोरगा प्रतिज्ञापत्रं करत फिरतो. आई दाखल्यात दुसरीच लागली तर ती माणसं एकमेकांची राहत नाहीत. काचेच्या या बाजूनं मी ते रोज पाहते. एका म्हाताऱ्याला बायकोचं नाव दुरुस्त करून मिळालं तेव्हा त्यानं कागदाला हात जोडले होते.

ही बाई माझ्या खिडकीवर आली आहे. पहिल्यांदाच माझ्या मनात असं येतंय की चुकीचं लिहावं.


रविवार, २० एप्रिल

पाठवली.

आधी वाटलं, काहीच देऊ नये. पण नकार दिला तर ती दुसरीकडून मिळवेल, रवींद्र भावजींकडून, कुणाकडूनही. खोटं दिलं तर शोधणार नाही. पन्नास बायका, मांडव, ढोल, तो मोठा फोटो आणि माझा खांदा. सगळ्यांसमोर ती पोटातून हाक मारेल आणि हाक जाईल भलत्याच दारी. तो तिकडं उभा राहील. कुणीही घ्यायला येणार नाही. अकरा वर्षं मी गणपतीची वाट पाहत उभी राहिले, तसा.

वाईट आहे हे. वाईट आहे म्हणूनच करतेय.

पण नावं रचायला बसले तर सुचेनात. दहा मिनिटं फोन हातात धरून बसले. सौमित्रच्या आईच्या आईचं खरं नाव मला माहीत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. दहाव्याला गुरुजींनी बाप, आजा, पणजा विचारले, ते कपाटातल्या वहीत आहेत. बायकांच्या बाजूचं कुणी विचारत नाही. शेवटी हाताला आली ती लिहिली:

आई लक्ष्मी. तिची आई रखमाबाई. गाव आंबिवली. पाणी काळू नदीचं.

ही माझी आई. माझी आजी. माझं आजोळ. दुसरी नावं पाठच नव्हती. लिहून झाल्यावर जरा चुकल्यासारखं वाटलं, देवघरातली वस्तू बाजारात नेल्यासारखं. पण ती नावं तिला कशी कळणार? तिच्यासाठी सगळी सारखीच.


सोमवार, २१ एप्रिल

दिवसभर उत्तर नाही. खिडकीवर दोनदा चुकीचा शिक्का मारला. संध्याकाळी निरोप आला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग:

"लक्ष्मी. रखमाबाई. बरोबर म्हणतेय ना? मी ही नावं नीट गाईन, ताई. एक विचारते. यांच्यासाठी कुणी गायलं होतं का?"

गिळलं तिनं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसले. मग उत्तर लिहायला गेले आणि खोटं लिहिताच येईना. लिहिलं, रखमाबाईसाठी हो. लक्ष्मीसाठी नाही. ते साथीचं वर्ष होतं.

एवढं खरं सांगितलं तर काय बिघडतं? खोट्याला थोडं खरं लागतंच.


रविवार, ४ मे

तेरा दिवस काही लिहिलं नाही. आईचं नाव पाठवल्यापासून ती घरात हिंडतेय.

आजी गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. आंबिवलीच्या ओटीवर मावश्या, माम्या, शेजारणी गोल बसल्या आणि हेल काढून रडायला लागल्या. रखमाये, तुझं भाताचं खाचर कोण बघंल, तुझ्या लक्ष्मीला माहेर कोण दाखवंल. प्रत्येकीचं वेगळं. मधेच एक मावशी रडता रडता सूनबाईला टोमणा मारून घ्यायची, जिवंतपणी म्हातारीला मासळीचा तुकडा दिला नाहीस म्हणून. सून खाली मान घालून ऐकायची, कारण मयताच्या रडण्याला उलट उत्तर द्यायचं नसतं. मला लाज वाटली होती. शहरातली शाळा होती ना माझी.

या घरी लग्न होऊन आले तेव्हा ताटातल्या तांदळांवर माझं नाव बदललं. सोनलची नीरजा झाले. मामंजी, हरिहरपंत, गेले त्या दिवशी माझ्या तोंडून आजोळचा हेल निघाला. एकच. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. हळूच म्हणाल्या, "नीरजा, आवाज नको."

मग आई गेली, एकवीसच्या एप्रिलमध्ये. मी विलगीकरणात होते, सौमित्र तिकडं अडकलेला. पालिकेच्या माणसांनी तिला प्लास्टिकमध्ये नेलं. चौदा दिवसांनी कामावर गेले तर तिची नोंद माझ्याच ढिगात आली होती. मीच टंकली. मयताचं नाव, आईचं नाव, पत्ता. अक्षर न अक्षर तपासलं. तिचं तेवढंच झालं.

त्या रात्री सौमित्रला फोन केला होता. मागे एक लहान मूल रडत होतं. तो म्हणाला, शेजारचं आहे.

नाही. नावं दुरुस्त करणार नाही.


शनिवार, १७ मे

रवींद्र भावजी येऊन गेले, शुभदानं पाठवलेलं लोणचं घेऊन. अपराधी माणसं हल्ली लोणचं घेऊन येतात. मी त्यांना विचारलं, गाण्यात चुकीची नावं घेतली तर काय होतं?

ते म्हणाले, तिकडं अशी चेष्टा कुणी करत नाही. पण समजा झालंच, तर ज्याची नावं घेतली ती माणसं उठून येतात. त्यांना वाटतं, आपल्यासाठीच मांडव घातलाय. गाणारी बाई त्या दिवशी सकाळपासून जेवत नाही, उभ्यानं गाते, घसा फाटेपर्यंत. पुढचं जन्मभर गावात लोक म्हणतात, हिनं कसं गायलं होतं किंवा कसं घाण केलं होतं. "आपल्याकडं लग्नातलं जेवण लक्षात ठेवतात ना, तसं." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "वहिनी, तुम्ही काय केलंय?"

मी म्हटलं, काही नाही.

सासूबाई आतून म्हणाल्या, रवींद्र, थांब रे, तुझ्या ओळखीचं कुणी तिकडं जाणार असेल तर एक पुडकं द्यायचंय. भावजी म्हणाले, बघतो काकू. मला वाटलं, कारखान्यातल्या कुणाला लाडू पाठवायचे असतील.


शुक्रवार, २३ मे

शेवटचा दिवस. अजून वेळ आहे. सासूबाईंना विचारलं तर खरी नावं एका मिनिटात मिळतील, पाठवायला अर्धं मिनिट.

सकाळी अकोसुआनं मुलीचा फोटो पाठवला. काळा-तांबडा नवा कपडा, केस बारीक कापलेले, दात पडलेला. कपाळ सौमित्रचं. खाली लिहिलंय, उद्या नाना बापासाठी पाणी ओतेल. मी तो फोटो मोठा करून बघितला. पायात काय आहे ते बघितलं, नखं कापली आहेत का ते बघितलं. मग माझा मलाच संताप आला.

मुलीनं माझं काही घेतलं नाही, हे मला कळतं. पण तिच्याकडं जे आहे ते सगळं माझं होतं.

उद्या संध्याकाळी, तिकडं दुपारी गाणं सुरू होईल त्याच वेळेला, मी सासूबाईंना सांगणार. दोन्ही एकदम होऊ दे. वाक्य तयार आहे: तुमच्या मुलाला तिकडं दुसरं घर होतं आणि आज त्याला हाक मारणारंही कुणी उरलं नाही.


शनिवार, २४ मे

सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांचं डोकं दुखत होतं, तेल लावून दिलं. केस किती विरळ झालेत. कपाळावरून हात फिरवताना ते वाक्य बोलता येईना. त्या डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत होत्या. साडेपाच तास मागे, असं पुटपुटल्या. जप असेल.

उद्या सांगेन.


रविवार, २५ मे

सकाळी व्हिडिओ आला. चाळीस मिनिटांचा. मी गच्चीवर जाऊन लावला.

दीड-दोनशे माणसं असतील. ढोल थांबले. अकोसुआ एकटी पुढं आली, अनवाणी. डोक्याला तांबडी पट्टी, हात डोक्यावर. मी तयार होते. तिचं फजित होणं बघायला मी कान टवकारून बसले होते.

तिनं पहिली हाक मारली: रखमाबाई.

ती भाषा मला येत नाही. पण ते नाव येतं. रखमाबाई, म्हणाली, आणि मग थांबली, ओटीवर कुणी येतंय का बघावं तशी. मग आंबिवली. मग कालू, कालू, कालू, आणि मागच्या सगळ्या बायकांनी ते उचललं. माझ्या आजोळची नदी, गुडघाभर पाण्याची, कपडे धुवायची नदी, दोनशे माणसं तिचं नाव घेत डोलत होती. मग ती गुडघ्यावर बसली, जमिनीवर हात आपटून म्हणाली, लक्ष्मी. तिचा आवाज फाटला. जी म्हातारी पहिल्या वेळी तोंड फिरवून बसली होती, ती उठली, तिच्याजवळ आली आणि समजूत घालावी तशी म्हणाली, दुए, दुए. मग सगळ्याच म्हणायला लागल्या.

मी व्हिडिओ रवींद्र भावजींना पाठवला आणि फोन केला, अर्थ सांगा म्हणून. ते ऐकत ऐकत सांगत होते:

"रखमाबाईचं नातवंड, ऊठ. लक्ष्मीचं लेकरू, काळूचं पाणी पिऊन मोठं झालेलं, ऊठ, तोंड धू. एकटं बसू नकोस, तुझी माणसं दारात आली आहेत. लक्ष्मी, तुला त्या वर्षी कुणी हाक मारली नाही. आम्ही मारतोय. उशीर झाला म्हणून पाठ फिरवू नकोस."

मग ते थांबले. "वहिनी, काकू तर आहेत. सौमित्रच्या आईचं नाव मंदाकिनी. ही लक्ष्मी कोण?"

"माझी आई."

ते एवढंच म्हणाले, त्यांच्या भाषेत नातू आणि नात, एकच शब्द आहे.


सोमवार, २६ मे

मी जिंकले की नाही ते कळत नाही. सौमित्रला हाक गेली नाही, म्हणजे ठरवलं तसंच झालं. खिडकीवर एक बाई नवऱ्याचा दाखला न्यायला आली, तिला मी तीनदा विचारलं, नाव बरोबर आहे ना? ती म्हणाली, "मॅडम, बरोबरच आहे. तुम्ही का रडताय?"

दुपारी अकोसुआनं मर्तिकाची छापील पुस्तिका पाठवली. तिकडं छापतात. पहिल्या पानावर सौमित्र, माझा खांदा. आत गाण्यांचा क्रम, पाहुण्यांची नावं. शेवटच्या पानावर वारस. मुलगी: नाना मंदाकिनी.

मी फोन बंद केला. परत चालू केला. तेच होतं.

सात वर्षं ती रोज आपल्या पोरीत सौमित्रच्या आईचं नाव वाढवतेय. मी तिला लक्ष्मी लिहून पाठवलं त्या क्षणी तिला कळलं होतं, ही नावं त्याची नाहीत. तो नुसता श्वास. मग तिनं विचारलं होतं, यांच्यासाठी कुणी गायलं होतं का.

का केलं असेल तिनं? गावात तिची लाज राखायला? की मला लाजवायला? तिचा सूड असेल तर माझ्यापेक्षा फार चांगला जमलाय.


मंगळवार, २७ मे

ऑफिसातून आले तर सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. जवळच्या रसायनांच्या कंपन्यांचा तो गोडसर वास येत होता म्हणून खिडकी लावली. फ्रॉक पुरा झालाय, शेवटचा दोरा कापायचा होता. मी समोर बसले. वाक्य तयार होतं ना, ते आठवेना. दुसरंच विचारलं.

"आई, तुमच्या आईचं नाव काय?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारत होते. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. यशोदा, म्हणाल्या. तिची आई भागीरथी. माहेर चिपळूण. पाणी वाशिष्ठीचं, पण प्यायला परसातल्या विहिरीचं. मी ऑफिसच्या कागदाच्या पाठीवर लिहून घेत होते. दोरा दातानं तोडून त्या म्हणाल्या:

"चिपळूण सावकाश सांग हं. ळ येत नाही तिला."

मी लिहायची थांबले.

रविवारच्या दुपारी. कावळा कसा करतो. सगळे बरे आहेत ना, सगळे? त्यांनी फ्रॉक मांडीवर पसरला आणि बाहीला हात लावून सरळ केला. सात वर्षांच्या मापाचा. माझ्याकडं बघितलं नाही.

दीड महिना मी या बाईला तोडायला शब्द जपून ठेवले होते. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. माझ्याच घरात, माझ्या शेजारच्या खोलीत, एक नात मोठी होत होती आणि मी बाहेर भाजी निवडत होते. मला वाटलं, फ्रॉक ओढून घ्यावा आणि उसवावा. पिवळ्या दोऱ्याचं टोक माझ्या हाताशीच होतं. मी ते धरलंसुद्धा.

मग सोडलं, आणि उठले.

"आई, मला मोठ्यानं रडायचंय. दार लावून घेते."

"कुणासाठी?"

"माझ्या आईसाठी."

"आणि त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी अजून नाही."

त्यांनी फ्रॉक घडी करून माझ्या बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "दार राहू दे उघडं."